नागाचे विष शरीरात नेमके काय करते?

रानवाटा (धागाकर्ता)

पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ तेच ते उपाय पुन्हा फिरू लागतात: दोरी घट्ट आवळा, चीर द्या, कोंबडी लावा, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन चव कळते का ते पाहा. या उपायांना नावे ठेवणे सोपे आहे, पण नागाचे विष शरीरात शिरून काय करते हे एकदा नीट समजले की ते उपाय का चालत नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून हा धागा. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि नंतरही या विषयाचे वाचन चालू ठेवले आहे. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणि शेतात वावरणाऱ्या सदस्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

नाग विष बाळगतो ते भक्ष्यासाठी. उंदीर, बेडूक, भेक, पक्ष्यांची अंडी-पिल्ले आणि प्रसंगी दुसरे साप असा त्याचा आहार आहे. अजगराप्रमाणे भक्ष्य आवळून मारणे त्याला जमत नाही आणि तोंडात धरलेला उंदीर उलटून चावला तर सापाचा डोळाही जाऊ शकतो. त्यामुळे भक्ष्याने लवकरात लवकर निपचित पडणे ही त्याची गरज आहे. घोणस दंश करून उंदराला बहुधा सोडून देते आणि मग वासाच्या मागावर त्याला शोधत जाते. नाग सहसा पकड सोडत नाही. त्याचे विषदंत आखूड आणि जागेवर पक्के असतात, घोणशीसारखे दुमडत नाहीत. म्हणून तो जबडा चावल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबतो आणि तेवढ्या वेळात विष आत जात राहते. उंदीर आधी जोरात धडपडतो, मग त्याचे मागचे पाय लुळे पडतात, मान खाली जाते, बरगड्यांची हालचाल उथळ होत होत थांबते. हृदय मात्र त्यानंतरही थोडा वेळ चालू असते. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण माणसाच्या बाबतीतही तो जवळजवळ असाच आहे. फरक आहे तो वेळेचा.

आता विषाच्या आत डोकावू. नागाचे विष हा एकच पदार्थ नसून अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा असतो तो साठ ते पंचाहत्तर अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनांचा. त्यांच्या साखळीला तीन बोटांसारख्या घड्या पडलेल्या असतात आणि गंधकाचे चार-पाच बंध ती घडी घट्ट धरून ठेवतात. आकाराने इतकी लहान असल्यामुळे ही प्रथिने दंशाच्या जागेवरून भराभर पसरतात. याच घडणीची प्रथिने दोन अगदी वेगळी कामे करतात: काही मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतात, तर काही पेशींची आवरणे फोडतात.

पहिल्या कामाचे स्वरूप असे. आपण हात उचलायचे ठरवले की मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते, स्नायूवरच्या ग्राहीला (हे रसायन पकडणाऱ्या जागेला) जाऊन चिकटते आणि स्नायू आखडतो. नागाच्या विषातील चेतारोधक प्रथिन नेमके त्या ग्राहीवर जाऊन बसते, परंतु स्नायूला आखडण्याचा इशारा मात्र देत नाही. कुलपाच्या भोकात मोडकी किल्ली अडकून बसावी तसे होते. खरी किल्ली हातात असूनही कुलूप उघडत नाही. मज्जातंतू धड असतो, स्नायूही धड असतो, पण दोघांमधला निरोप पोचत नाही. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हेही याच प्रकारचे स्नायू असल्यामुळे अखेरीस श्वास थांबतो. हृदयाचे स्नायू मज्जातंतूच्या हुकमाची वाट न पाहता आपापले आखडतात, म्हणून हृदय मागाहून थांबते, आणि ते मुख्यतः प्राणवायू मिळेनासा झाल्यामुळे.

हे आजचे ज्ञान नाही. कलकत्त्यात काम केलेले जोसेफ फेअरर आणि लंडनचे लॉडर ब्रंटन यांनी १८७० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते की नागाच्या विषाची क्रिया दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणांना लावतात त्या क्युरारेसारखी आहे आणि कृत्रिम श्वास देत राहिल्यास विष दिलेल्या प्राण्याचे हृदय तासन्‌तास चालू राहते. ज्या काळी प्रतिविष अस्तित्वात नव्हते त्या काळी ही गोष्ट माहीत झाली होती. माझ्या मते नागदंशाविषयी सर्वसामान्य माणसाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच आहे: या विषाने मृत्यू येतो तो श्वास बंद पडल्यामुळे, आणि श्वास बाहेरून देता येतो.

दुसऱ्या प्रकारची प्रथिने पेशींच्या आवरणांना भोके पाडतात. फॉस्फोलिपेज ए-२ नावाचे विकर त्यांच्या जोडीला असते आणि दोघे मिळून जे नुकसान करतात ते एकेकट्याच्या नुकसानाहून अधिक असते. नाग चावलेल्या जागी होणारी तीव्र आग, सूज, फोड आणि पुढे काळे पडून गळणारे मांस हा या प्रथिनांचा परिणाम आहे. मण्यारीच्या दंशात हे जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे मण्यार चावल्याचे झोपलेल्या माणसाला कळतही नाही, नाग चावल्याचे मात्र बहुधा लगेच कळते.

माणूस हे नागाचे भक्ष्य नाही. तो आपल्याला चावतो तो बचावासाठी, आणि त्याआधी शक्य असेल तर फणा काढून, फूत्कार टाकून, कधी तोंड मिटलेलेच ठेवून नुसती धडक देऊन तो आपल्याला दूर सारू पाहतो. दंश झाला तरी प्रत्येक वेळी विष आत जातेच असे नाही. पण उंदराच्या आणि आपल्या स्नायूंवरच्या ग्राही एकमेकींसारख्या असल्याने विष गेले तर ते आपल्यालाही लागू पडते.

—

शिवारकर

लेख फार उपयुक्त आहे. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात साप चावला असे कुणी सरळ म्हणत नाही, 'पान लागले' म्हणतात, आणि पान लागलेल्या माणसाला आधी देवळात नेण्याची रीत अजून पुष्कळ गावांत आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरील एका गड्याला कडब्याची गंजी मोडताना हाताच्या पंजावर नाग चावला. गंजीखाली उंदरांची बिळे होती आणि दहाचा आकडा असलेली फणी सगळ्यांनी पाहिली, त्यामुळे कोणता साप याविषयी शंका नव्हती. घरच्या मंडळींनी त्याला आधी देवळात नेले, तिथे पाऊण तास गेला. तोवर त्याच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. त्याला झोप येते आहे असे समजून लोक त्याच्या तोंडावर पाणी मारत होते. पुढे त्याला बोलता येईना, लाळ गळू लागली आणि मान एका बाजूला पडली. आम्ही त्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेले तेव्हा त्याचा श्वास जेमतेम चालू होता. तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास दिला, प्रतिविष लावले आणि तसेच फुगा दाबत त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवले. तो वाचला.

मला विचारायचे आहे ते पुढेच. शुद्धीवर आल्यावर त्याने आम्हांला सांगितले की जीपमध्ये मागे बसलेल्या बायका रडत होत्या आणि 'आता काही खरे नाही' असे कुणीतरी म्हणाले, ते सगळे त्याला ऐकू येत होते. फक्त त्याला डोळे उघडता येत नव्हते. हे असे होऊ शकते का, की तो नंतर ऐकलेले सांगत होता?

—

तालुका_डॉक्टर

शिवारकर, तो माणूस खरे सांगत होता. विषातील ही प्रथिने रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाहीत. लुळे पडतात ते स्नायू. जाणीव, श्रवण, वेदना हे सर्व शाबूत असू शकते. जोपर्यंत रक्तात प्राणवायू पुरेसा आहे तोपर्यंत रुग्णाला आजूबाजूचे बोलणे कळत असते. नाग आणि मण्यार या दोहोंच्या दंशात डोळ्यांचे स्नायू, अगदी बाहुल्याही, निश्चल होऊ शकतात आणि अशा रुग्णाला पाहून अननुभवी माणसाला तो गेला असे वाटते. म्हणून आमच्या वॉर्डात मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो की सर्पदंशाच्या रुग्णाजवळ त्याच्याशी बोलत काम करावे, त्याच्याविषयी बोलू नये, आणि श्वासाच्या यंत्रावर असताना त्याला वेदनाशामक व गुंगीचे औषध द्यायला विसरू नये.

लक्षणांचा क्रम धागाकर्त्यांनी उंदराच्या उदाहरणाने सांगितला आहे, माणसातला क्रम मी लिहितो. दंशाच्या जागी आग आणि सूज लगेच सुरू होते. चेतारोधक लक्षणे काही वेळा पंधरा-वीस मिनिटांत, काही वेळा दोन-चार तासांनी, क्वचित त्याहून उशिरा दिसतात. सर्वांत आधी पापण्या जड होतात, कारण पापण्या उचलून धरणारे बारीक स्नायू सतत काम करीत असतात आणि संदेश थोडा जरी कमी झाला तरी ते ढिले पडतात. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही आणि लाळ साठते, मान उचलता येत नाही, आणि शेवटी श्वास उथळ होतो. आम्ही रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगतो आणि दर काही मिनिटांनी पुन्हा म्हणायला लावतो. तो आधी पंचविसापर्यंत जात असेल आणि आता बारावर थांबत असेल, तर यंत्राची तयारी करण्याची वेळ आली आहे हे कोणत्याही महागड्या तपासणीविना कळते.

शिवारकरांनी लिहिले आहे की लोक त्या गड्याला झोप येते आहे असे समजले. हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागल्या की ती झोप नसते. श्वासाच्या दिशेने चाललेल्या लुळेपणाची ती पहिली पायरी असते.

औषधोपचारात नागदंशाची एक बाजू आमच्या फायद्याची आहे. नागाचे चेतारोधक प्रथिन स्नायूच्या बाजूच्या ग्राहीवर बसते, मज्जातंतूचे टोक मात्र शाबूत राहते. म्हणून असिटिलकोलिनचे विघटन रोखणारे निओस्टिग्मिन हे औषध अट्रोपिनच्या जोडीने दिले की ते रसायन साचत जाऊन विषाशी जागेसाठी स्पर्धा करू लागते आणि कित्येक रुग्णांच्या पापण्या तासाभराच्या आत वर येताना दिसतात. मण्यारीच्या विषात मज्जातंतूचे टोकच खराब करणारी प्रथिनेही असतात, त्यामुळे तिथे या औषधाचा उपयोग बहुधा होत नाही आणि रुग्ण यंत्रावर जास्त दिवस राहतो. नागदंशाचा रुग्ण मात्र वेळेत श्वास मिळाला तर बरेचदा दोन-तीन दिवसांत यंत्रावरून उतरतो. अर्थात निओस्टिग्मिन हे प्रतिविषाला पर्याय नाही, दोन्ही द्यावी लागतात.

प्रतिविषाचा हिशोब असा आहे. आपल्याकडील बहुशक्तिक प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांविरुद्ध बनवलेले असते. त्याच्या एक मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे दहा मिलिलिटरच्या एका कुपीने ६ मिलिग्रॅम. नाग एका दंशात यापेक्षा कितीतरी जास्त विष सोडू शकतो, म्हणून लक्षणे असतील तर सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. एक कुपी देऊन रुग्णाला पुढे पाठवणे म्हणजे उपचार केल्यासारखे दाखवणे होय. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येत असल्याने त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, त्यासाठी अड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवावे लागते. त्या भीतीपोटी प्रतिविष टाळणे मात्र चुकीचे आहे.

आवळपट्टीविषयी एक. घट्ट बांधलेल्या दोरीने हाताचा रक्तपुरवठा बंद होतो आणि आधीच विषाने मरू लागलेले मांस आणखी लवकर मरते. शिवाय ती दोरी अचानक सोडली की साचलेले विष एकदम रक्तात येते आणि रुग्णाचा श्वास आमच्या डोळ्यांदेखत बंद पडतो. कुणी बांधून आलेच तर आम्ही प्रतिविष आणि श्वासाची तयारी झाल्यावरच ती सोडतो. हातापायाला मोडलेल्या हाडाला बांधतात तशी सैलसर फळी बांधावी, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढून ठेवावीत, माणसाला चालवू नये, लाळ घशात जाऊ नये म्हणून कुशीवर निजवावे, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. लक्षणांवरून आणि रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही या साध्या चाचणीवरून आम्हांला पुरेसे कळते.

—

सायली_कुडाळ

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला.

एक शंका आहे. आमच्या नात्यातील एका बाईंना नाग चावला, त्यांना तासाभरात प्रतिविष मिळाले, श्वासाला काही झाले नाही. तरीही पायाचे मांस काळे पडत गेले, दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागली. प्रतिविष वेळेत मिळूनही असे का झाले?

—

विषसंशोधक

सायलीताई, यात उपचारांची कुचराई असेलच असे नाही. पेशी फोडणारी प्रथिने दंशानंतर मिनिटांतच कामाला लागतात आणि जिथे विष गेले तिथेच पेशींच्या आवरणांत रुतून बसतात. प्रतिविष शिरेतून दिले जाते. त्यातील प्रतिद्रव्यांचे रेणू या विषप्रथिनांच्या तुलनेत खूप मोठे असतात आणि सुजलेल्या, रक्तपुरवठा घटलेल्या मांसात ते हळूहळू आणि अपुरे पोचतात. ते पोचेपर्यंत स्थानिक नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते. प्रतिविषाने जीव वाचतो, हातपाय वाचतोच असे नाही. मृत्यूच्या आकड्यांत न दिसणारी ही बाजू शेतमजुरासाठी फार मोठी आहे, कारण वाकडा झालेला पंजा किंवा तुटलेले बोट म्हणजे त्याची मजुरी गेली.

दुसरे कारण प्रतिविषाच्या घडणीत आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचत नेले की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. ते रक्तद्रव वेगळे करून, पेप्सिन या विकराने प्रतिद्रव्यांचा नको असलेला भाग तोडून, उरलेला भाग शुद्ध करून कुपीत भरतात. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात, व्हिएतनाममधील सायगाव येथे काम केल्यानंतर, नागाच्या विषाविरुद्ध असे पहिले औषध बनवले आणि तत्त्वतः आजची रीत तीच आहे. आपल्याकडे परळची हाफकिन संस्था हे काम अनेक दशके करीत आली आहे. अडचण अशी की प्राण्याचे शरीर मोठ्या प्रथिनांविरुद्ध जोमाने प्रतिद्रव्ये बनवते आणि नागाची ही तिबोटी प्रथिने अगदी छोटी असल्याने त्यांच्याविरुद्ध तुलनेने कमी. म्हणजे विषातला जो भाग सर्वांत घातक, त्याच्याविरुद्धच औषध सर्वांत दुबळे.

तिसरी गोष्ट प्रदेशाची. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूत मामल्लापुरमजवळ इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या या लोकांना सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर रोजगार मिळावा म्हणून १९७८ मध्ये ही संस्था निघाली आणि त्यांच्यातील वडिवेल गोपाल व मासी सडैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु तामिळनाडूचा नाग आणि राजस्थानचा नाग एकाच जातीचे असले तरी त्यांच्या विषांत घटकांचे प्रमाण वेगळे असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगार यांच्या गटाने देशाच्या वेगवेगळ्या भागांतील नागांची विषे तपासून हे दाखवून दिले आहे आणि एकाच प्रतिविषाचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही हेही दाखवले आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जिथे कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांचे हवामान व भक्ष्य वेगवेगळे आहे, स्थानिक सापांचे विष प्रतिविषाच्या निर्मितीत आणि तपासणीत असायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी परवानग्या, विषसंकलनाची केंद्रे आणि सातत्याने पैसा लागेल. दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे ज्या कारणाने जातात, त्यासाठी तो खर्च जास्त म्हणता येणार नाही. हा आकडा २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासाचा आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत.

नवे प्रयत्नही सांगतो. २०२४ मध्ये सुनगार यांचा गट आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था यांनी मिळून असे एक प्रतिद्रव्य प्रसिद्ध केले, जे लांब साखळीच्या चेतारोधक प्रथिनांना, मग ती नागाची असोत, मण्यारीची वा आफ्रिकेतील मांबा या सापाची, अडवते. त्याच वर्षी आफ्रिकेतील थुंकणाऱ्या नागांच्या विषाने होणारी मांसाची हानी रोखण्यासाठी हेपरिनच्या कुळातील एक रक्त पातळ करणारे औषध उंदरांत उपयोगी ठरल्याचे समोर आले. ते दंशाच्या जागीच टोचता येते, म्हणून सायलीताईंच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आराखडा करून घडवलेली छोटी प्रथिने या तिबोटी विषांना बांधून ठेवतात आणि उंदरांचे प्राण वाचवतात हे दाखवले. यांतले काहीही अद्याप रुग्णालयात उपलब्ध नाही. आज हाताशी आहे ते घोड्याचे प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र, आणि नागदंशात या दोन्हींनी खरोखर माणसे वाचतात.

—

सर्पमित्र_चिपळूण

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. आम्ही साप सोडवायला जातो तेव्हा कानावर येणाऱ्या काही समजुतींविषयी लिहितो.

अंड्यातून बाहेर पडलेल्या वीतभर पिल्लाच्या तोंडात विष आणि विषदंत दोन्ही तयार असतात. 'पिल्लू आहे, काय करणार' म्हणून ते हातात घेणारी तरुण मुले मी पाहिली आहेत, आणि फोटोसाठी असे धाडस करणाऱ्याला सर्पमित्र म्हणू नये असे मला मनापासून वाटते. गारुड्याकडील दात पाडलेला नागही निर्धोक नसतो, कारण विषाच्या ग्रंथी तशाच राहतात आणि पडलेल्या दाताच्या मागे दुसरा दात तयार होत असतो. मारलेल्या नागाचे तुटलेले डोकेसुद्धा बराच वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. काठीने दूर करावे, हात लावू नये.

आपल्याकडचा नाग डोळ्यांत विष थुंकतो का, असेही विचारतात. नेम धरून विष उडवणारे नाग आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात आहेत. आपल्या चष्माधारी नागाची ती सवय नाही. तरी त्याच्या फूत्काराबरोबर विषाचा थेंब डोळ्यात गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे.

नाग घरात येतो तो उंदरांमागे. धान्याची पोती भिंतीला लागून जमिनीवर ठेवली, गोवऱ्या आणि सरपणाचा ढीग दाराशी रचला की उंदीर येतात. गवत काढताना, गंजी मोडताना आधी काठीने हलवून घ्यावे आणि रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये.

—

शिवारकर

डॉक्टर आणि विषसंशोधक यांचे आभार. त्या गड्याला मी हे सर्व वाचून दाखवणार आहे, त्याने ऐकलेले खरे होते हे त्याला कळले पाहिजे.

अजून एक कुतूहल आहे. मुंगसाला नागाचे विष बाधत नाही म्हणतात. आणि नाग दुसरे साप खातो, स्वतःची जीभ कधी चावतही असेल. त्याला स्वतःला काही कसे होत नाही?

—

रानवाटा (धागाकर्ता)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. विष ज्या ग्राहीवर जाऊन बसते, त्या ग्राहीची जागाच नाग आणि मुंगूस या दोघांमध्ये थोडी बदललेली आहे. तिथे साखरेच्या रेणूंची एक साखळी चिकटलेली असते आणि तिच्या अडथळ्यामुळे विषप्रथिनाला नीट बसता येत नाही; असिटिलकोलिन अगदी लहान असल्याने त्याला मात्र वाट मिळते. साळिंदरासारखे काटे असलेला झाऊमुसा, रानडुक्कर आणि रॅटेल (मध खाणारा बिज्जू) यांच्यात बदल झाला आहे तो वेगळा: तिथे त्या जागी धनभारित अमिनो आम्ल आले आहे, आणि विषप्रथिनावरही धनभार असल्याने ते दूर लोटले जाते. एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या प्राण्यांत एकाच संकटावर असे तोडगे निघालेले पाहून मला या विषयाची गोडी लागली.

मुंगसाचे संरक्षण संपूर्ण नाही. पुरेसे विष आत गेले तर तेही मरू शकते, आणि नागाशी झुंजताना ते फुलवलेल्या राठ केसांवर आणि चपळाईवर बराच भरवसा ठेवते. मुंगूसवेलीचा रस पाजला की माणसालाही तसेच संरक्षण मिळते, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. ग्राहीची घडण जनुकांत लिहिलेली असते, ती रस पिऊन बदलत नाही. आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाते.

—

सायली_कुडाळ

विषसंशोधकांनी दिलेल्या उत्तराने मनावरचे ओझे उतरले. आम्ही इतके दिवस त्या रुग्णालयाला दोष देत होतो.

डॉक्टरांना शेवटचा प्रश्न: लहान मूल असेल तर प्रतिविष वजनाप्रमाणे कमी द्यायचे असते का? आमच्या शेजारी एकांनी तसे ठामपणे सांगितले.

—

तालुका_डॉक्टर

नाही. मुलाला मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष द्यायचे असते. साप चावताना समोरच्याचे वजन पाहत नाही. जेवढे विष मोठ्याच्या अंगात गेले असते तेवढेच मुलाच्या अंगात जाते, आणि प्रतिविष विषाच्या प्रमाणात द्यायचे असते, शरीराच्या नाही. उलट तेवढेच विष लहान शरीरात पसरल्याने मुलाची लक्षणे अधिक लवकर वाढतात, त्यामुळे तिथे घाई जास्त करावी लागते. वजनाप्रमाणे ठरवायचे ते निओस्टिग्मिन, अट्रोपिन, अड्रिनॅलिन आणि प्रतिविष ज्यात मिसळून देतो त्या सलाइनचे प्रमाण. गरोदर स्त्रीलाही प्रतिविष तितकेच आणि तितक्याच तातडीने द्यावे लागते. बाळाला अपाय होईल या भीतीने ते थांबवले तर आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.